निमंत्रणपत्रिकेवर 'महाराजा' छापावे की नाही?

प्रश्न : बडोद्यातील एका जुन्या मराठी संस्थेच्या कार्यवाह असलेल्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या संस्थेच्या शताब्दी वर्षाच्या सांगता समारंभाला राज्यपाल प्रमुख पाहुणे म्हणून येणार आहेत, गायकवाड राजघराण्यातील एक ज्येष्ठ व्यक्ती अध्यक्षस्थानी असणार आहे आणि पद्मश्रीने सन्मानित एका कलावंतांचा सत्कार व्हायचा आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मजकुरावरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. विश्वस्तांतील सर्वांत वडीलधारे सदस्य लेखिकेचे मामेसासरे असून घरात व संस्थेत सगळे त्यांना 'मामा' म्हणतात. अध्यक्षांच्या नावाआधी 'महाराजा' आणि 'सेनाखासखेल समशेर बहादूर' ही बिरुदे आलीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे. वडिलांना हुजुरातून आलेली सोनेरी किनारीची एक पत्रिका त्यांनी आधार म्हणून काढून दाखवली आहे. उलट, पेशाने वकील असलेले तरुण सहकार्यवाह म्हणतात की किताब संविधानाने रद्द केले आहेत, ते छापणे हा संविधानभंग आहे, सर्व पाहुण्यांना केवळ 'श्री.' लावावे, नाहीतर ते राजीनामा देतील. राज्यपालांना 'महामहिम' म्हणावे की नाही, यावरही एकमत नाही. कायदा काय सांगतो, रीत काय आहे, आणि मान कमी पडला असे कोणाला वाटून संस्थेची नाचक्की होऊ नये म्हणून काय करावे, असे लेखिकेने विचारले आहे.

उत्तर : प्रिय भगिनी,

पत्रासोबत तुम्ही कच्च्या मुद्रिताची जी प्रत पाठवली आहे, तिच्यावरूनच वाद किती ताणला गेला आहे याची कल्पना आली. अध्यक्षांच्या नावाआधीची दीड ओळ निळ्या शाईने खोडलेली आहे, त्याच ओळीखाली लाल शाईने टिंबे देऊन समासात 'आहे तसे ठेवावे' असा शेरा आहे, आणि त्या शेऱ्यापुढे पुन्हा निळ्या शाईतले प्रश्नचिन्ह आहे. छापखान्याने हा कागद तुमच्याकडे परत पाठवला यात नवल नाही. मला त्या कागदावर दिसले ते हे, की दोन्ही शाईंनी लिहिणाऱ्यांना संस्थेची मनापासून काळजी आहे. एकाला संस्थेच्या जन्मकाळाशी असलेले नाते तुटू द्यायचे नाही आणि दुसऱ्याला संस्थेने आजच्या काळात ताठ उभे राहावे असे वाटते. म्हणून कोणाचा पक्ष खरा हे आधी ठरवून मग दुसऱ्याची समजूत काढायची, अशा रीतीने या प्रश्नाकडे पाहू नये असे मला वाटते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती मामांच्या बोलण्यातही आहे : नावाआधी बिरुदे जितकी अधिक तितका मान अधिक, आणि एखादे वगळले तर तेवढा मान कापला गेला. हे गृहीतच एकदा तपासून पाहू. आपल्या पणजोबांच्या काळातील पत्रे घरात जपली असतील तर काढून पाहा. साध्या कारकुनाला लिहिलेल्या पत्राचा मायनाही 'राजमान्य राजश्री' असा असे. ज्याला राजदरबारी मान आहे त्याला शोभणारा हा मायना हळूहळू सर्वांनाच लागू झाला, त्याचे 'रा. रा.' असे संक्षिप्त रूप झाले, त्यातला दरबार मागे पडून सौजन्य तेवढे उरले, आणि पुढे 'श्री.'ने त्याचीही जागा घेतली. या साऱ्या बदलात कोणाचा पाणउतारा झाला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मान ज्याला द्यायचा त्याला तो दिला जातच होता, फक्त तो सांगण्याची रीत बदलली.

आता मामांच्या पेटीतील त्या पत्रिकेकडे वळतो, कारण या वादाचा खरा गाभा तिच्यात आहे. तुम्ही उतरवून दिलेल्या मजकुरात सयाजीराव महाराजांच्या नावाबरोबर 'सेनाखासखेल', 'समशेर बहादूर' आणि 'फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया' असे तीन किताब आहेत. मामांनी त्यांतील पहिले दोन उचलले आणि तिसरा सोडून दिला. तो त्यांनी सहज सोडला असेल, पण तो का सोडावासा वाटतो हे पाहण्यासारखे आहे. 'समशेर बहादूर' हा किताब घराण्यातील पहिल्या दमाजींना १७२० मधील बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल शाहू छत्रपतींकडून मिळाला. 'सेनाखासखेल' हा पिलाजीरावांना मिळाला तो १७३१ मधील डभईच्या लढाईनंतर, जेव्हा सेनापती त्र्यंबकराव दाभाडे रणात पडले, अल्पवयीन यशवंतराव दाभाडे सेनापती झाले आणि त्यांचा कारभार पिलाजीरावांकडे आला. म्हणजे हे दोन्ही किताब साताऱ्याच्या गादीने आपल्या चाकरीतील शूर सरदारांना दिलेले आहेत. तिसरा किताब १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी इंग्रजांनी सयाजीरावांना दिला, तेव्हा महाराज वयाने अजून लहान होते. इंग्रजी राज्याचे खास पुत्र, असा त्याचा आशय आहे.

प्रत्येक किताबात तो देणारा कोण आणि घेणारा त्याच्या कोण, हे नाते कोरलेले असते. साताऱ्याची गादी राज्य म्हणून उरली नाही, इंग्रजांचे राज्य गेले, आणि ती नाती ज्या काळाची होती त्या काळाच्या इतिहासात ती सन्मानाने नोंदवली गेली. तिसरा किताब छापताना आज कोणाही बडोदेकराचा हात अडखळेल. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात याच सयाजीरावांनी बादशहापुढे साधा एक मुजरा केला आणि प्रथेप्रमाणे मागच्या पावली न सरता ते पाठ फिरवून निघाले, त्यावरून केवढे काहूर माजले हे मामांना तोंडपाठ असेल. ज्याला इंग्रजांनी आपला खास पुत्र म्हटले होते, त्याचेच हे वर्तन होते. तेव्हा किताबावरून माणसाची उंची मोजता येत नाही, हे बडोद्याने स्वतःच्या राजाच्या उदाहरणावरून फार पूर्वी पाहिले आहे.

आज आपण सयाजीरावांचे नाव घेतो ते त्या दीड ओळीसाठी घेत नाही. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, तो १९०६ मध्ये साऱ्या राज्यात नेला, गावोगावी वाचनालये उभी केली आणि १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, त्यासाठी घेतो. तुमची संस्थाही त्याच काळात उभी राहिली. पत्रिकेवरील बिरुदांपेक्षा समारंभात या गोष्टींचा उल्लेख झाला तर अध्यक्षस्थानी बसलेल्या व्यक्तीला अधिक समाधान वाटेल, अशी माझी खात्री आहे.

कायद्याची बाजू मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याबाबत मामा आणि तुमचे तरुण सहकारी दोघेही अर्धे बरोबर आहेत. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा राज्यकारभार गेला पण किताब गेले नाहीत. संस्थानिकांचे वैयक्तिक हक्क, विशेषाधिकार आणि मानमरातब यांची दखल घेण्याचे आश्वासन मूळ संविधानाच्या ३६२ व्या अनुच्छेदात होते आणि तनख्याची तरतूद २९१ व्या अनुच्छेदात होती. १९७० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली, तेव्हा ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे व इतर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. त्यानंतर १९७१ मध्ये संसदेने संविधानात सव्विसावी दुरुस्ती केली, हे दोन्ही अनुच्छेद वगळले आणि ३६३-अ हा नवा अनुच्छेद घालून संस्थानिकांची मान्यता व तनखे कायमचे संपवले. तुम्ही लिहिता की मामा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. म्हणजे त्यांच्या तरुणपणापर्यंत पत्रिकेवर ही बिरुदे छापणे कायद्यालाही धरून होते आणि रीतीलाही. ते काही वेडगळ हट्ट धरून बसलेले नाहीत. त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग ज्या व्यवस्थेत गेला, तिची भाषा ते बोलत आहेत. हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर पुढचे बोलणे खूप सोपे होईल.

तुमच्या वकील सहकाऱ्यांनी संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाचा आधार घेतला आहे. त्या अनुच्छेदाने सैनिकी व शैक्षणिक बहुमान वगळता कोणताही किताब देण्यास राज्यसंस्थेला मनाई केली आहे आणि परकीय राज्याकडून किताब स्वीकारण्यास भारतीय नागरिकाला मनाई केली आहे. एखाद्या खासगी संस्थेने आपल्या पाहुण्याला आदराने काय म्हणावे, याबद्दल त्यात काही नाही आणि त्यात शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणून 'महाराजा' असे छापले तर संविधानभंग होऊन संस्थेवर कारवाई होईल, ही भीती मनातून काढून टाका. पण भीती गेली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ज्या पदाला १९७१ नंतर कायद्याने मान्यता उरलेली नाही, ते पद आजही चालू असल्यासारखे एका सार्वजनिक न्यासाने अधिकृत कागदावर छापणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. आणि जी संस्था शंभर वर्षे आपले दप्तर चोख ठेवत आली आहे, तिने ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या ठिकाणी इंदूर आणि ग्वाल्हेर येथील वाचकांसाठी एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तेथूनही अशाच आशयाची पत्रे अधूनमधून येतात. १९४८ मध्ये मध्य भारत संघ स्थापन झाला, तेव्हा ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले आणि इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. राज्याच्या सर्वोच्च स्थानी असलेल्या व्यक्तीसाठी हे नाव नव्याने घडवले होते, त्याला संविधानात जागा होती, आणि १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते पद रद्द झाले. त्या आठ वर्षांत जे कागद निघाले त्यांवर 'राजप्रमुख' असेच लिहिलेले आहे आणि ते योग्यच आहे. त्यानंतरच्या कागदावर ते कोणी लिहिले नाही आणि त्यामुळे जिवाजीरावांचा अवमान झाला असेही कोणाला वाटले नाही. पद आहे तोवर पदाचे नाव लावायचे आणि पद संपले की ते इतिहासात नोंदवायचे, ही रीत आपण पाळतोच. राजेपणाच्या बाबतीत ती पाळणे जड जाते, कारण तेथे पदाबरोबर माया गुंतलेली असते.

ती माया खोटी आहे असे मी म्हणणार नाही. लोकांनी आपणहून दिलेली नावे सरकारी किताबांपेक्षा कितीतरी अधिक टिकतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या गुजरातेतच आहे. बडोद्याच्या दरबारात 'सरदार' हा दर्जा होता. पागा, सरंजाम, दरबारात बसण्याची ठरलेली जागा, हे सारे त्याच्याबरोबर येई, आणि तो दर्जा गादीकडून मिळत असे. १९२८ मध्ये बारडोलीत शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा वल्लभभाई पटेलांना लोकांनी 'सरदार' म्हटले. त्यांच्याकडे ना पागा होती ना सरंजाम, आणि कोणत्याही गादीने त्यांना सनद दिली नव्हती. शब्द तोच होता, पण देणारा बदलला, आणि आज देशात कोठेही 'सरदार' म्हटले की वल्लभभाई डोळ्यांपुढे उभे राहतात. बडोद्यातील सरदार घराण्यांची नावे मात्र आपल्यालाच आठवावी लागतात. टिळकांचे 'लोकमान्य' आणि अहिल्याबाईंचे 'पुण्यश्लोक' हेही याच जातीचे. १८ वा अनुच्छेद अशा नावांच्या आड येत नाही आणि येऊही नये. पण लोकांनी दिलेले नाव त्या एका व्यक्तीचे असते, ते पुढच्या पिढीला वारसाहक्काने मिळत नाही. सरदार पटेलांच्या वारसांना कोणी 'सरदार' म्हणत नाही. तुमच्या अध्यक्षांबाबत मामांना हा फरक दाखवून द्या. त्या व्यक्तीने स्वतः काही केले असेल, शाळांना मदत केली असेल, कलेला आश्रय दिला असेल, तर ते पत्रिकेत एका ओळीत लिहा. तो त्यांचा स्वतःचा मान होईल.

याच कारणासाठी निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीच्या बाबतीत मी अधिक काटेकोर राहायला सांगेन. जुन्या राजघराण्यातील एखादी व्यक्ती खासदार किंवा मंत्री असेल, तर सार्वजनिक कार्यक्रमात तिला तिच्या निवडून मिळवलेल्या पदाने संबोधावे. विजयाराजे शिंदे यांना ग्वाल्हेरकर आयुष्यभर 'राजमाता' म्हणत राहिले, तो जिव्हाळा मी समजू शकतो. पण लोकप्रतिनिधीला प्रश्न विचारण्याचा मतदाराला हक्क असतो, आणि राजापुढे गाऱ्हाणे मांडायला उभा राहणारा माणूस तो हक्क विसरण्याची शक्यता असते. संबोधनाने एवढा फरक पडतो का, असे कोणी म्हणेल. मला वाटते पडतो, विशेषतः सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या मनात पडतो.

राज्यपालांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. राज्यपाल हे आज अस्तित्वात असलेले संविधानिक पद आहे, म्हणून पदाचे नाव लावलेच पाहिजे. मतभेद आहे तो 'महामहिम' या शब्दावरून, आणि तो २०१२ मध्येच मिटलेला आहे. तत्कालीन राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांनी देशांतर्गत समारंभांत व पत्रव्यवहारात हे संबोधन न वापरण्याच्या नव्या शिष्टाचाराला मान्यता दिली. राष्ट्रपती व राज्यपाल या पदनामांआधी 'माननीय' आणि नावाआधी 'श्री' किंवा 'श्रीमती', अशी पद्धत तेव्हापासून आहे, आणि बोलताना 'राष्ट्रपती महोदय', 'राज्यपाल महोदय' असे म्हणावे. जुने संबोधन परदेशी पाहुण्यांशी होणाऱ्या व्यवहारापुरते राहिले आहे. अजूनही बऱ्याच पत्रिकांवर 'महामहिम' दिसते ते केवळ जुना मजकूर समोर ठेवून नवी पत्रिका तयार केली जाते म्हणून. बडोद्यात आपल्या मराठी पत्रिकांत 'राज्यपालश्री', 'प्रमुखश्री' अशी रूपेही शिरतात. गुजरातीत ती रूढ आणि सुंदर आहेत, पण मराठी मजकुरात 'माननीय राज्यपाल' हेच बरे दिसेल. मंत्र्यांना 'ना.' म्हणजे 'नामदार' लावण्याची पद्धत कायदेमंडळाच्या जुन्या सभासदांपासून आलेली आहे, नामदार गोखल्यांचे नाव आपल्याला त्यामुळेच परिचित आहे. तुमच्या पत्रिकेत मंत्री नाहीत, पण पुढे कधी आले तर 'मा.' पुरेसे आहे. राज्यपाल आपल्या राज्यात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यानंतर चौथ्या क्रमांकावर येतात, तेव्हा पत्रिकेवर त्यांचे नाव सर्वांत वर असावे. अध्यक्ष कोणीही असले तरी हा क्रम बदलत नाही.

ज्याबद्दल तुमच्या कार्यकारिणीत कोणीच वाद घातला नाही, तेथेच नेमकी नियमाची चूक आहे. सत्कारमूर्तींच्या नावाआधी तुम्ही 'पद्मश्री' छापले आहे. १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे १८ व्या अनुच्छेदातील किताब नाहीत म्हणून ते वैध आहेत, परंतु ते नावाच्या आधी किंवा नंतर किताबासारखे लावता येणार नाहीत. तसे केल्यास पुरस्कार परत घेतला जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या हौसेची झळ त्या कलावंतांना लागायची. तो शब्द नावापासून काढा आणि सत्काराच्या वेळी परिचयात सविस्तर सांगा की त्यांना पद्मश्री कोणत्या वर्षी व कोणत्या कार्याबद्दल मिळाली. 'डॉ.' असेल तर ते ठेवायला हरकत नाही, ती शैक्षणिक पदवी आहे.

आता तुम्ही प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. तुमच्या पत्रात मला एक उणीव जाणवली. अध्यक्षांच्या नावाआधी काय असावे यावर साऱ्या कार्यकारिणीने मत दिले, पण खुद्द अध्यक्षांना कोणी विचारले नाही. त्यांच्या कार्यालयाला एक साधे पत्र लिहा : 'पत्रिकेत आपले नाव कसे छापावे ते कृपया कळवावे. आमच्या मसुद्यात ते पुढीलप्रमाणे आहे.' आणि खाली तुमचा मसुदा द्या. मी सुचवेन तो असा : नावाआधी 'श्रीमंत' आणि नावाखालच्या ओळीत 'बडोद्याचे पूर्वीचे राजघराणे'. 'श्रीमंत' हे आज कोणतेही पद नाही, ते सौजन्याचे संबोधन आहे, पेशव्यांपासून सरदारांपर्यंत आपल्याकडे ते चालत आले आहे, आणि त्यात घराण्याचा मान राखला जातो. नावाखालच्या ओळीत खरी गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगताना कोणाला कमीपणा येत नाही. अनेकदा अशा घराण्यांतील माणसे स्वतःच बिरुदे टाळून साधे नाव छापायला सांगतात, तसे झाले तर तुमचा वाद तेथेच संपेल. त्यांनी 'महाराजा' छापण्याची इच्छा दाखवली तर पाहुण्यांची इच्छा म्हणून ती मानावी की संस्थेचे धोरण म्हणून नम्रपणे नकार द्यावा, हे कार्यकारिणीने ठरवावे. मी तुमच्या जागी असतो तर नकार देण्याचे धाडस केले असते, पण पत्रिका छापून झाल्यावर नव्हे, त्याआधी. राज्यपालांच्या कार्यालयाकडेही पत्रिकेचा मसुदा आधीच पाठवा आणि तेथून मंजुरी आल्याशिवाय छपाईला देऊ नका.

छापील कागद आणि तोंडी बोलणे यांत फरक ठेवायला तुम्हाला हरकत नसावी. व्यासपीठावरून सूत्रसंचालक 'माननीय अध्यक्ष' म्हणतील. समारंभानंतर मामा पुढे होऊन हात जोडून 'महाराज' म्हणाले, तर त्यांना कोणी अडवू नये. ज्याला 'महाराज' म्हणायचे नाही त्यानेही 'नमस्कार' म्हणून आदराने बोलावे, आणि त्याच्यावर कोणी डोळे वटारू नयेत. एका सभागृहात दोन पिढ्या दोन रीतींनी आदर दाखवू शकतात. सूत्रसंचालकाला मात्र प्रत्येक पाहुण्याचे संबोधन शब्दशः लिहून द्या आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून घ्या. व्यासपीठावर गेल्यावर उत्साहाच्या भरात जीभ जुन्या वळणावर जाते, आणि पत्रिकेत जे काळजीपूर्वक टाळले तेच ध्वनिक्षेपकावरून साऱ्या सभागृहाला ऐकू जाते.

मामांसाठी माझी एक विनंती आहे. शताब्दीची स्मरणिका निघणार असे तुम्ही लिहिले आहे. तिच्यातील संस्थेच्या स्थापनेचे प्रकरण मामांना लिहायला द्या आणि त्यात सयाजीराव महाराजांचे सर्व किताब, ते कोणत्या वर्षी, कोणाकडून आणि कशासाठी मिळाले याच्या माहितीसह, त्यांच्या हातून येऊ द्या, तिसराही. सोनेरी किनारीची ती पत्रिका छायाचित्र म्हणून त्याच पानावर छापा आणि खाली तिचे वर्ष व ती कोणाच्या संग्रहातील आहे ते लिहा. तेथे ती बिरुदे आपल्या जागी असतील, कारण तेथे ती त्या काळाबद्दल सांगत असतील. मामांशी हे बोलायला कार्यकारिणीची बैठक योग्य नव्हे. घरी, एखाद्या दुपारी, त्यांच्याकडून ती पत्रिका पुन्हा हातात घेऊन आणि त्यांच्या वडिलांना ती कोणत्या प्रसंगी आली होती हे विचारून, मग विषय काढा. सून म्हणून तुम्हाला संकोच वाटत असेल तर मामींना बरोबर घ्या. आणि 'कायद्यात बसत नाही' या वाक्याने सुरुवात करू नका. '१९७१ पर्यंत तुमचे म्हणणे बरोबरच होते' या वाक्याने करा, कारण ते खरे आहे.

तुमच्या तरुण सहकाऱ्यांचा राजीनामा स्वीकारू नका. ज्याला संस्थेच्या पत्रिकेवरील एका शब्दासाठी झोप येत नाही, असा माणूस संस्थेला हवाच असतो. पण सर्वांना सरसकट 'श्री.' लावण्याचा त्यांचा उपाय राज्यपालांच्या बाबतीत रीतीला सोडून आहे, हे त्यांना सांगा आणि त्यांच्यावर एक काम सोपवा : निमंत्रणपत्रिका, मानपत्र, फलक आणि सूत्रसंचालन यांत कोणाला कसे संबोधावे याचे एका पानाचे टिपण त्यांनी तयार करावे, त्यात १८ वा अनुच्छेद, १९७१ ची दुरुस्ती, १९९५ चा निकाल आणि २०१२ चा शिष्टाचार यांचा आधार द्यावा, मामांनी ते वाचून त्यावर आपला शेरा लिहावा, आणि कार्यकारिणीच्या मंजुरीने ते दप्तरात लावावे. म्हणजे पुढच्या कार्यवाहांना हाच कागद पुन्हा दोन शाईंत रंगवावा लागणार नाही.